बिनसांध्याचा रहाट

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा राजेसुद्धा पाणी पिताना ते वर कुणी आणलं हे विचारत असत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

एका उंच टेकडीवर एक नगर होतं. नगराला विहीर एकच, आणि ती इतकी खोल की आत खडा टाकून आवाजाची वाट बघता बघता माणूस खडा टाकल्याचं विसरून जाई. बायका शंभर पायऱ्या उतरून पाणी आणत. एका सुताराला ते बघवेना. त्याने तीन वर्षं खपून विहिरीवर रहाट बांधला. बैल गोल फिरत, त्यांच्याबरोबर आडवं चाक फिरे, त्याच्या दात्यांनी उभं चाक फिरे, आणि दोराला बांधलेली गाडगी एकामागून एक भरून वर येत.

रहाट फार देखणा होता. सुताराच्या घराण्यात शिकवणच होती, की सांधा दिसला तर तो सुतार कसला! म्हणून त्याने दाते चाकाच्याच लाकडात कोरले. प्रत्येक दाता समोरच्या खाचेपुरता तासला, त्यामुळे एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसत नसे. आस चाकात असा गुंतवला की तो कुठून घातला हे कुणाला कळू नये. राजाने रहाटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सुतार, हा बांधल्यासारखा वाटतच नाही. झाडासारखा उगवलाय."

या एका वाक्यावर सुतार पुढे कित्येक वर्षं जगला. काही माणसांना तेवढं पुरतं.

मग राजाला हौस सुटली. रहाट फिरतोच आहे, तर राणीसाहेबांचा झोपाळाही त्यावरच हलू दे! सुताराने त्याच आसाला झोपाळा जोडला. मग देवळाची घंटा जोडली. मग मुदपाकखान्यातलं जातं जोडलं. सगळं एकात एक गुंतलेलं. परगावचे लोक तोंडात बोटं घालून बघत.

पण झोपाळा अडकला की घंटा अडे, घंटा अडली की जातं अडे, आणि जातं अडलं की नगराचं पाणी बंद. राणीसाहेबांचा पदर कडीत सापडला म्हणून सबंध नगर दोन दिवस तहानलेलं राहिलं, असंही एकदा झालं. मग सुताराला बोलावणं जाई. एक दाता बदलायचा तर अख्खा रहाट उतरवावा लागे, आणि कुठे काय गुंतलंय ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसे. सुतार घाम पुशीत म्हणे, "माझ्यावाचून इथे पान हलत नाही." असं म्हणताना त्याला बरं वाटे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

या सुताराला एकच लेक होती, आवडी. तिची आई लवकर गेली. बापानेच तिला वाढवलं, बापानेच तिच्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या का होईना. लग्न होऊन ती समुद्राकाठी गेली, आठ दिवसांच्या वाटेवर. त्या मुलखात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उंबऱ्याशी बसावं, लेकीला बघावं आणि तहानलेलंच परतावं. सुतार म्हणे, "आता नको, मूल झालं की जाईन." खरं तर रहाटाने त्याला तेवढी सवड दिलीच नव्हती. असं म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

एक दिवस मीठ विकायला आलेल्या लमाणाने निरोप आणला. वाटेत विसरू नये म्हणून त्याने तो पाठ केला होता.

"आबा, मुलगा झाला. आता तुम्हाला माझ्या घरचं पाणी चालतं. वर्षाच्या आत जावळ काढायचं आहे. बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात, पण मला भाऊ कुठून आणू? तुमच्याच मांडीवर बसवीन. या."

मग लमाण म्हणाला, "शेवटचं 'या' ती दोनदा म्हणाली होती. मी एकदाच सांगितलं."

सुताराने त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं. राजाने निरोप दिला. सुतार निघाला आणि वेशीबाहेरच्या पिंपळापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून हाका आल्या. जातं अडलं होतं. परत गेला, आठ दिवस खपला.

दुसऱ्यांदा तो चांगला पाच दिवस चालला. घाटमाथ्यावर वाऱ्याला खारा वास यायला लागला. लेकीच्या गावचा वारा म्हणून त्याने छाती भरून घेतली. तेवढ्यात घोडेस्वार आला. "घंटेचा दोर तुटला, सुतारदादा. नगरात पाणी नाही." सुतार थोडा वेळ वाऱ्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला. मग वळला. लेकरंबाळं तहानलेली सोडून कोण पुढे जाईल?

तिसऱ्यांदा गाठोडं बांधलं आणि ते दाराशी तसंच पडून राहिलं.

लमाण येई तेव्हा सुतार सगळं काम टाकून त्याच्याकडे धावे. "बाळ काय करतं?" कधी उत्तर येई, पालथं पडायला लागलं. कधी येई, रांगतं. मग एकदा आलं, दोन दात आले. सुताराने ते दात ऐकूनच पाहिले. नातवाच्या आठवणीने त्याचा जीव तुटे, आणि ज्याला कधी पाहिलंच नाही त्याची आठवण कशी येते, हे त्याला कुणाला सांगता येत नसे.

असाच एकदा तो विहिरीच्या कठड्याशी बसून डोळे पुशीत होता. गाडगी घेऊन म्हातारी कुंभारीण आली. फुटकं गाडगं सोडून तिथे नवं अडकवत ती म्हणाली, "काय रे, आधीच लाकूड फुगतंय, त्यात तू आणखी ओलं करतोयस?"

सुतार कसनुसं हसला. "मावशी, गेला महिनाभर दिसली नाहीस."

"बहिणीकडे गेले होते. तिच्या नातीचं लग्न होतं. पोटभर लाडू खाल्ले, विहिणीशी भांडले, आणि आले."

"महिनाभर!" सुतार चकितच झाला. "अगं, पण गाडगी तर रोज फुटतात. ती बदलली कुणी?"

"जो समोर होता त्याने. घरातली संपली तेव्हा खालच्या गावच्या कुंभाराने दिली."

"त्याची माती वेगळी, भट्टी वेगळी."

"असेना का!" म्हातारीने कनवटीची एक वेताची कडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "ज्या गाडग्याचा गळा हिच्यात बसतो, ते या दोरात बसतं. आत काळी माती आहे का तांबडी, ते दोराला कशाला कळायला हवं? गाडग्याने पाणी धरावं, दोराने गाडगं धरावं. उगाच एकमेकांच्या पोटात शिरू नये. गळ्याचं माप तेवढं ठरलेलं असावं, आणि एकदा ठरलं की ते कुणी मोडू नये."

"आणि अशा कड्या आणखी कुणाकडे आहेत?"

"चार घरी दिल्यात. माप लपवून काय करू?"

सुताराने कडी उलटसुलट करून पाहिली. "मग मावशी, तुझी किंमत काय राहिली?"

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, मी लाडू खाऊन आले ना! बैलाच्या गळ्यात दावं असतं ते ठीक. तुझ्या गळ्यात तू कशाला बांधून घेतलंस?"

त्या दिवशी सुतार राजाकडे गेला. "महाराज, रहाट उतरवतो. दोन महिने द्या, नवा बांधतो."

राजाला राग आला. एवढा देखणा रहाट मोडायचा? आणि दोन महिने बायकांनी पुन्हा शंभर पायऱ्या उतरायच्या? "मोडा," तो म्हणाला. "पण नवा रहाट तुमच्यावाचून चालला नाही, तर पुन्हा रजा मागायची नाही. जन्मभर इथेच."

सुताराने मान डोलावली. त्याने लाकूड तासायचा वाकस उचलला. वडिलांनी शिकवलेलं सगळं तो मोडायला निघाला होता.

त्याने चाक वेगळं केलं, आस वेगळा केला. दाते सुटे केले आणि प्रत्येकाला बाहेर दिसेल अशी पाचर ठेवली. तरी जुनी सवय कुठे जाते? कुंभारणीने दोन दाते अदलून बदलून बसवून पाहिले, तर बसेनात! सुताराने नकळत प्रत्येक दाता आपापल्या खाचेपुरताच तासला होता. म्हातारी खो खो हसली. "जुनीच सवय, नवं लुगडं नेसून आली."

महिन्याचं काम वाया गेलं. सुताराने ते सगळे दाते चुलीत घातले. मग आधी शिसवीचं एक माप केलं, आणि त्या मापाबाहेर एकही दाता, एकही खाच जाऊ दिली नाही. झोपाळा, घंटा आणि जातं यांना त्याने आपापलं छोटं चाक दिलं, आणि मोठ्या चाकाशी ती एकेका खुंटीने जोडली. खुंटी काढली की झोपाळा थांबे, पाणी थांबत नसे. शिसवीचं माप त्याने विहिरीच्या खांबाला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलं. शेजारी तयार दात्यांची करंडी ठेवली. घराण्याचं गुपित असं चव्हाट्यावर टांगताना त्याला फार जड गेलं.

नवा रहाट सुरू झाला. जाणती माणसं नाक मुरडत म्हणाली, "हे तर सगळं ठिगळांचं काम!" राजा मात्र रोज येऊन बसे आणि रहाट अडायची वाट बघे.

चौथ्या दिवशी कडाडकन एक दाता मोडला. सुताराचे पाय आपोआप पुढे झाले. कुंभारणीने त्याचं उपरणं धरून ओढलं. "बस खाली!"

बैल हाकणारा माणूस उठला. आयुष्यात त्याने लाकडाला हत्यार लावलं नव्हतं. त्याने पाचर ठोकून काढली, मोडका दाता उपसला, करंडीतला नवा बसवला, पाचर ठोकली आणि बैलांना हाक दिली. पाणी पुन्हा पन्हळीत पडलं. सुतार हात मांडीखाली दाबून बसला होता. त्याला आनंद झाला, आणि आतून थोडं टोचलंसुद्धा.

राजा रहाटाजवळ गेला. जागोजागच्या पाचरी त्याने निरखून पाहिल्या. "देखणा राहिला नाही," तो म्हणाला.

"नाही महाराज."

"जा आता. लेक वाट बघत असेल."

सुतार निघाला. घोड्यांच्या टापा ऐकू आल्यासारखं वाटून तो वाटभर मागे वळून बघत होता. कुणी आलं नाही. घाटमाथा आला, खारा वारा आला, आणि आठव्या दिवशी लेकीचं घर आलं.

वर्ष तर कधीच उलटून गेलं होतं. दारात एक पोर उभं होतं. त्याचे केस इतके वाढले होते, की आवडीने ते कपाळावर दोऱ्याने बांधून ठेवले होते.

"सगळे म्हणाले, काढून टाक," आवडी म्हणाली. "मी म्हटलं, पहिल्या वर्षी नाही तर तिसऱ्या वर्षी काढू, पण आबांच्याच मांडीवर." ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुताराने तो एका दमात रिकामा केला.

"खारट लागलं ना? विहीर समुद्राजवळ आहे."

"छे, गोड आहे," सुतार म्हणाला. पाणी चांगलंच खारट होतं.

जावळ त्याच्याच मांडीवर निघालं, आणि तिथे तो सुखात राहिला. पण मन मोठं विचित्र असतं बरं का! रोज संध्याकाळी तो अंगणात नातवाला मांडीवर घेऊन बसे आणि घाटाच्या वाटेकडे बघे. स्वार अजून कसा आला नाही? इतकी वर्षं तो इथे यायला झुरला होता, आता तिकडून बोलावणं येईना म्हणून झुरू लागला.

दोन महिन्यांनी लमाण आला. सुताराने त्याला बसूही दिलं नाही. "रहाट मोडला?"

"मोडला की, तीनदा. राणीसाहेबांचा झोपाळा तर महिनाभर बंद पडलाय, आणि नगराला पत्ताही नाही. खालच्या दोन गावांनी तुमचं माप नेऊन आपले रहाट बांधले."

"मग मला बोलवायला कुणी कसं आलं नाही?"

"कशाला येतील? करंडीतला दाता काढतात, बसवतात."

सुतार पुन्हा घाटाकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता माझी आठवण कुणी काढत नाही."

"काढतात तर! मी निघायच्या आधी सणाला कुंभारीण पोळ्या वाढत होती. म्हणाली, सुतार असता तर हट्टाने आणखी दोन वाढल्या असत्या. बैल हाकणाऱ्याने तर घासच खाली ठेवला." लमाणाने धान्याचं पोतं खाली उतरवलं. "पूर्वी रहाट अडला की तुमचं नाव घ्यायचे. आता रहाट चालू असतो, तरी घेतात."

सुताराने उपरण्याने डोळे पुसले. इतक्या वर्षांत सणाला त्याची वाट कुणी बघितल्याचं त्याला आठवेना. त्याने नातवाला छातीशी धरलं, आणि त्या संध्याकाळपासून घाटाकडे पाठ करून बसू लागला.

म्हणून सांगतो, आपल्यावाचून अडणारं काम आपल्यालाच अडवून ठेवतं, आणि आपल्यावाचून चालणारं काम आपल्याला आपल्या माणसांकडे जाऊ देतं.