चांगदेवने आणलेला निकाल

बोरवडी गावात चांगदेव नावाचा एक भोळा गडी होता. लबाडी त्याच्या अंगात औषधालाही नव्हती. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा, आणि म्हणून गाव त्याला घाबरून असायचं.

त्याचे मामा शिदूआण्णा गावच्या कबड्डी संघाला शिकवायचे. उभा जन्म त्यात गेला, पण तालुक्याची ढाल काही बोरवडीला आली नाही. यंदा पोरं जोरात होती. फायनलला गाठ पडणार ती खडकेवाडीशी, हे सगळे धरून चालले होते. नेमके तेव्हाच आण्णा विहिरीच्या पायरीवर घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. खडकेवाडीच्या मॅच बघून येणार कोण? गाव ऊसतोडीत, पोरं सरावात. मोकळा होता एक चांगदेव. शिवाय त्याच्याकडे सायकल होती.

आण्णा म्हणाले, "जा, मॅच बघ आन् काय झालं ते समदं सांग."

चांगदेव संध्याकाळी परतला. खाटेशेजारी बसला आणि सगळं सांगू लागला. सायकलची हवा कुठे गेली, पंक्चर कोणी काढलं, त्याची म्हैस कधी व्यायली. सांगता सांगता तो मैदानाच्या फाटकाशी पोचला, तोवर आण्णा घोरू लागले होते. जाग आल्यावर त्यांनी बजावलं, "आरं, एवढं गुऱ्हाळ कशाला? शेवट तेवढा सांगत जा."

चांगदेवला ते पटलं. पुढच्या मॅचला तो फाटकाबाहेर रस पीत बसला. लोक बाहेर पडू लागले तसा आत शिरला. घरी आल्यावर म्हणाला, "शेवटी मांडववाल्यानं खुर्च्या टेंपोत भरल्या, मामा."

"जिंकलं कोण?"

"ते आधी झालं आसंल. मी शेवट बघितला."

आण्णांनी कपाळाला हात लावला. खडकेवाडी जिंकल्याची खबर दुसऱ्याकडून मिळाली, पण ती पोरं पकडी कशा करतात, ते कळायला हवं होतं. त्यांनी चांगदेवला पुन्हा जवळ बसवलं. तोंडाने काही सांगू नकोस, सेमी-फायनल नीट बघ, आणि त्यांचा गडी जे करतो ते इथे येऊन करून दाखव, असं समजावलं.

या वेळी चांगदेवने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. खडकेवाडीचा डाव्या कोपऱ्यातला गडी खाली वाकायचा, चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि मागे ओढायचा. चांगदेव घरी आला. आण्णा खाटेवर पाय लांब करून वाट बघत होते. चांगदेव एक शब्द बोलला नाही. खाली वाकला, प्लास्टरचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढला.

आण्णा खाटेसकट उंबऱ्यापर्यंत आले. त्यांची आरोळी उसाच्या फडात ऐकू गेली. डॉक्टर येऊन नवं प्लास्टर घालून गेले, तरी आण्णांचं कण्हणं थांबेना. कण्हता कण्हताच म्हणाले, "आरं, आधी सांगायचं व्हतंस की रं! काय होणार ते मानसानं आधी सांगावं."

"बरं मामा," चांगदेव म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

फायनलचा दिवस उजाडला. आण्णा खाटेला खिळलेले. ढाल आली तर डोळे मिटायला मोकळा झालो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. गावाने बँड ठरवला, गुलालाचं पोतं आणलं, ट्रॅक्टर धुतला. निकाल घेऊन येण्याचं काम अर्थात चांगदेवचं. सायकल त्याचीच होती.

चांगदेव मैदानावर पोचला. पोरं अंग गरम करत होती. त्याने त्यांना डोळे भरून बघितलं. ही पोरं जिंकणार, यात त्याला शंका उरली नाही. तो तसाच मागे फिरला आणि घाम गाळत गावात येऊन म्हणाला, "आपण जिंकलो."

बँड वाजला. गुलाल उधळला. ट्रॅक्टर नाचत नाचत थेट मैदानावर गेला आणि गावकऱ्यांनी संघाच्या गळ्यात हार घातले. पोरं आधी बावरली. मग कप्तान म्हणाला, खडकेवाडीवाले आलेच नसतील, फुकटात जिंकलो. मग तीही ट्रॉलीत चढून नाचू लागली. पंचांनी शिट्टी फुंकली. माइकवरून बोरवडीला बोलावलं, परत बोलावलं. बँडपुढे कोणाला ऐकू येणार? शेवटी पंच कंटाळले आणि ढाल खडकेवाडीला देऊन मोकळे झाले.

मिरवणूक आण्णांच्या दारात आली. आण्णांना खाटेसकट बाहेर आणलं. त्यांचे डोळे वाहत होते. कप्तानाने पायावर डोकं ठेवलं. आण्णा म्हणाले, "आना रं, ढाल माझ्या मांडीवर ठेवा."

कप्तानाने गावकऱ्यांकडे बघितलं. गावकऱ्यांनी चांगदेवकडे बघितलं. बँड हळूहळू बंद पडला.

"ढाल मॅच झाल्यावर देत्यात, मामा," चांगदेव सायकलवर टांग टाकत म्हणाला. "आता सुरू व्हईल. आपली पोरं कशी खेळत्यात ते बघून येतो."