पिसारा की तुरा?

फार फार पूर्वी, जंगलात वीज आली होती आणि अक्कल यायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

ओढ्याकाठच्या कंदांच्या जागेवरून त्या जंगलात दरवर्षी रक्त सांडायचे. म्हणून सिंहाने फर्मान काढले, की यापुढे लढायचे ते लॅपटॉपवरच्या गेममध्ये. जो जिंकेल त्याची जागा वर्षभर. मागल्या वर्षी ऐन घावाच्या वेळी साळिंदराच्या लॅपटॉपवरचे चित्र अडखळले आणि कंद रानडुकराकडे गेले. साळिंदराची पिले वर्षभर झाडांच्या साली चावत राहिली.

चित्रे भराभर काढते ते ग्राफिक्स कार्ड, आणि बाजारात कार्डे दोनच. मोराचे पिसारा छाप, रानकोंबड्याचे तुरा छाप.

"पिसाऱ्याचे रंग बघा!" मोर म्हणे.

"रंग काय चाटायचेत? तुऱ्याचा वेग बघा!" कोंबडा म्हणे.

जंगल दुभंगले. ज्या कासवाने जन्मात गेम खेळला नव्हता, तेही तुऱ्यापायी सख्ख्या भावाशी बोलेनासे झाले. घुबडाने या विषयावर व्याख्यानमाला लावली. साळिंदर दोन्हींचे आकडे पाठ करत होता, आणि कोणी पिसाऱ्याला नावे ठेवली की काटे उभारून अंगावर धावत होता.

शेवटी त्याने पिसाराच घेतला. मोराने तो पिंपळपानासारख्या पातळ, चकचकीत लॅपटॉपात बसवून दिला. कुठे फट म्हणून नाही.

बायको साळूने तो उलटापालटा करून पाहिला. "अहो, याला मागचं तोंड कुठंय?"

"कसलं तोंड?"

"बीळ बघायला गेलात की आधी मागचं तोंड शोधता. वारा खेळायला हवा म्हणता. यातली गरम हवा जाणार कुठून?"

"तुला कार्डातलं काय कळतं?" साळिंदर खेकसला.

"कार्डातलं नाहीच कळत. बिळातलं कळतं."

सामना सुरू झाला. चित्रे अशी झरझर धावली, की रानडुक्कर मागेच हटला. मग लॅपटॉप तापला. साळिंदराचे पंजे भाजले. चित्र अडखळले, थिजले, काळे झाले. समोर रानडुकराचा जुना, खोक्यासारखा जाडजूड लॅपटॉप मागच्या फटींतून गरम हवा फेकत, पिठाच्या गिरणीसारखा घरघरत शेवटपर्यंत चालला. त्यातही पिसाराच होता, तीन पिढ्यांपूर्वीचा. कंद पुन्हा रानडुकराचे झाले.

साळिंदर काटे फुलवून मोरावर धावला. "चोरा! याची भट्टी होते हे तुला ठाऊक होतं!"

"कार्ड उत्तमच आहे," मोर मान वेळावत म्हणाला. "डब्याचं आपण विचारलंच नाहीत."

"तरी सांगत होतो, तुरा घ्या!" कोंबडा आरवला.

"तुझा डबा दाखव आधी," साळू कोंबड्याला म्हणाली.

तोही तसाच निघाला. पातळ, चकचकीत, चहूबाजूंनी बंद.

"इतके दिवस एकमेकांच्या नावानं गळा फाडत होतात, आणि एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांच्या चोची बंद?" साळूने विचारले.

मोराने कोंबड्याकडे पाहिले, कोंबड्याने मोराकडे. त्या दोघांचे प्रथमच एकमत झाले. कोणीही काही बोलले नाही.

त्या वर्षीही साळिंदराच्या घरी सालीच होत्या. लॅपटॉप तेवढा थंडीत पिलांना शेकायला कामी आला.

म्हणून ध्यानात ठेवावे: विकणारे ज्यावरून भांडतात ते मागाहून पाहावे, ज्याविषयी दोघेही गप्प बसतात, ते आधी तपासावे.