उपरण्याखालचा होकार

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा घरांना कड्या होत्या पण कुलपं नव्हती, आणि जनावरं गरज पडली तरच बोलत, एरवी गप्प राहत. माणसांचं मात्र तेव्हाही आजच्यासारखंच होतं.

एका गावात एक तेलीणबाई राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याकडे एक लाकडी घाणा होता आणि तो फिरवणारा कवड्या नावाचा बैल होता. तीळ-करडईचं तेल गाळायचं आणि दर शनिवारी नदीकाठच्या पेठेत नेऊन विकायचं, असा तिचा क्रम होता. तेल निर्मळ आणि माप पुरं, त्यामुळे तिचं गिऱ्हाईक कधी तुटत नसे.

पण घाणा ज्या जागेत होता ती जागा दुसऱ्याची. जागेच्या धन्याने एक दिवस निरोप धाडला, "माझ्या मुलाचं लग्न ठरलंय. पाडव्याच्या आत जागा रिकामी करा." निरोपात चूक काही नव्हती. जागाही त्याची आणि मुलगाही त्याचाच. बाईने पेठेत घर शोधायला सुरुवात केली.

आता घाण्यासाठी घर शोधणं सोपं नाही. बैलाला गोल फिरायला ऐसपैस जागा लागते, आणि त्या काळच्या घरांत जिथे पाहावं तिथे मधोमध खांब. बाईने आठ घरं पाहिली आणि आठही घरांतून परत आली. नववं घर एका म्हाताऱ्या सुताराचं होतं. त्याने ते तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, एका लांबलचक सागवानी तुळईवर, आणि सोप्यात एकही खांब ठेवला नव्हता. आता हातपाय थकले म्हणून तो लेकीकडे राहायला जाणार होता.

बाई त्या सोप्यात जाऊन उभी राहिली आणि तिला कवड्या तिथे फिरताना दिसायलाच लागला. तिला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात तिच्या हातून चूक झाली. घर दाखवायला आलेला दलाल शेजारीच उभा होता. त्याला ती म्हणाली, "दलालबुवा, मला हेच घर हवं. दुसरीकडे कुठे माझा बैल मावत नाही, आणि पाडव्याच्या आत मला जागा सोडायचीय."

अजून विहिरीला पाणी आहे की नाही हेसुद्धा तिने पाहिलं नव्हतं. दलालाने नुसती मान डोलावली, पण ऐकलेलं त्याने नीट ध्यानात ठेवलं.

त्या पेठेत एक चाल होती. घर विकणारा आणि घेणारा भावाबद्दल एकमेकांशी बोलत नसत. जे काही बोलायचं ते दलालाशी. उद्या एकाच गावात राहायचं, एकाच पारावर बसायचं, तर घासाघीस करून मनं कशाला कडू करा, असा जुन्या माणसांनी विचार केला होता. चाल काही वाईट नव्हती. पुढे ह्या दलालाने त्या चालीला गुरांच्या बाजारातली उपरण्याची रीत जोडली. उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे, आणि घेणाऱ्याने दलालाची जितकी बोटं दाबायची तितका भाव. एक बोट म्हणजे नाण्यांची एक थैली. थैल्यासुद्धा दलालाच्याच हातून पोहोचत. त्यामुळे उपरण्याखाली काय ठरलं ते त्या दोन हातांखेरीज कुणाला कळत नसे.

बाईजवळ आयुष्यभराच्या साठवणीच्या पाच थैल्या होत्या. तिने उपरण्याखाली चार बोटं दाबली.

"सांगतो मालकाला," दलाल म्हणाला. "तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त राहा असं कुणी सांगितलं की माणसाची झोप उडते. बाईने आठवडा कसाबसा काढला. पुढच्या शनिवारी दलाल तिच्या तेलाच्या घागरीशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, घोटाळा झालाय. एक सराफ आलाय. त्याने पाच बोटं दाबली. मालकाचं मन तुमच्याकडेच आहे हो, पण पाच ती पाच." बाईने पाचवं बोट दाबलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी सराफ मागे पडला आणि एक गुळाचा व्यापारी पुढे आला. त्याची म्हणे सहा बोटं होती.

"माझ्याकडे सहावी थैली नाही," बाई म्हणाली.

"नाही कशी? बैल आहे की. उमदा बैल आहे, एका थैलीला कुणीही उचलेल. घर एकदा गेलं की परत मिळत नाही बाई, बैल काय, पुन्हा घेता येईल. मी गिऱ्हाईक बघून ठेवतो."

बाई घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कवड्याच्या डोळ्यांवरची झापड सोडली, त्याच्यापुढे पेंड ठेवली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून रडू लागली. नवरा गेल्यापासून ह्या बैलानेच तिचं घर चालवलं होतं. त्याला विकून घेतलेल्या घरात ती घाणा कशाने फिरवणार होती, हेही तिला सुचेनासं झालं होतं.

गरज पडली होती, म्हणून बैल बोलला.

"मालकीणबाई, मी सकाळपासून किती कोस चाललो असेन?"

"असतील सात-आठ."

"आणि पोहोचलो कुठे?"

"इथेच."

"पण माझ्या चालण्याने तेल निघतं, आणि ते तुमच्या घागरीत पडतं. गेले काही शनिवार तुम्हीपण गोल फिरताय. तुमचं तेल कुणाच्या घागरीत पडतंय?"

बाईने डोळे पुसले. बैल पेंड चघळत पुढे म्हणाला, "मला घेरी येऊ नये म्हणून तुम्ही माझ्या डोळ्यांवर झापड बांधता. तुमच्या डोळ्यांवर कुणी बांधलीय? त्या सराफाला पाहिलंत तुम्ही?"

"नाही."

"गुळवाल्याला?"

"नाही."

"सुतारबाबा काय म्हणाले ते तरी कळलं?"

"मालकाशी भावाचं बोलायची चाल नाही रे."

"मग दलालाशी बोला. पण हळूच बोलायचं आणि झाकून बोलायचं, असं जुन्या माणसांनी कुठे सांगितलंय? ते उपरणं आमच्या बाजारातलं आहे. तुम्ही मला विकत घेतलंत तेव्हा मी तिथेच उभा होतो, आणि मलाही माझा भाव कळला नव्हता."

एवढं बोलून कवड्याने पुन्हा पेंडीत तोंड घातलं. त्याच्या मते त्याचं काम झालं होतं.

बाई त्या दिवशी शांत झोपली. सकाळी उठून ती आधी नदीपलीकडे गेली आणि तिथलं एक लहानसं घर पाहून आली. मधे खांब होता, पण एका कोपऱ्यात छोटा घाणा बसला असता. तेल कमी निघालं असतं, तरी बैल घरात राहिला असता. ह्या वेळी तिने विहिरीत आधी डोकावून पाहिलं, आणि आपल्या मनातलं कुणालाच सांगितलं नाही. परत येताना तिची पावलं झपझप पडत होती.

शनिवार उजाडला. मारुतीला तेल घालायला सगळी पेठ पारावर जमली होती. तो म्हातारा सुतारही पणती घेऊन आला होता. दलालाने बाईला पाहिलं आणि उपरणं पसरलं.

"ते राहू द्या, दलालबुवा," बाई म्हणाली. तिने उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला आणि पाचही बोटं उघडली. "मी चालीप्रमाणे तुमच्याशीच बोलतेय. सुतारबाबांच्या घराला मी आधी चार बोटं दाबली, मग पाच. ह्याच्यावर एक बोटही नाही, आणि बैल विकायचा नाही. सराफ आणि गुळवाले इथे असतील तर त्यांनीही हात वर करावा. त्यांचा हात मोठा असेल तर घर त्यांचं, माझी तक्रार नाही. मालकाचं उत्तर मला सूर्य मावळायच्या आत हवं. ते आलं नाही तर मी उद्या नदीपलीकडचं घर घेणार."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचाच हात वर झाला नाही.

"ते… ते परगावी गेलेत," दलाल म्हणाला.

तेवढ्यात म्हातारा सुतार काठी टेकत पुढे आला. चाल त्यालाही मोडायची नव्हती. तोही बाईकडे न पाहता दलालालाच म्हणाला, "दलालबुवा, ह्या बाईंना विचारा, की चार बोटांना मी पहिल्याच शनिवारी हो म्हटलं होतं, तर त्या इतके दिवस थांबल्या कशाला? तुम्ही मला म्हणालात, बाई अजून थैल्या जमवतायत. लेक तिकडे वाट बघून दमली माझी."

बाईही दलालालाच म्हणाली, "दलालबुवा, सुतारबाबांना सांगा, की त्यांचा होकार मला आज कळतोय."

दलाल दोघांच्या मधे उभा होता आणि त्याला दोन्ही निरोप पोहोचवायचे होते. पण निरोप आधीच पोहोचले होते, सगळ्या पेठेला. दोन वरकड थैल्या कुणाच्या घरी जाणार होत्या हे आता समजावून सांगायची गरज उरली नव्हती. पारावरचं एक पोर हसलं आणि मग सगळेच हसले.

सुतार म्हणाला, "सांगा बाईंना, माझा शब्द चारचा होता आणि चारचाच आहे."

चार थैल्या त्याच पारावर, सगळ्यांच्या देखत, सुताराच्या हातात गेल्या. दलालाची जी रीतसर दलाली होती ती बाईने आणि सुताराने मिळून चुकती केली, कारण घर दाखवण्याचं काम त्याने केलं होतं. पाचव्या थैलीतून बाईने लाकूड घेतलं, आणि लेकीकडे जाण्याआधी सुताराने आपल्या जुन्या घरासाठी घाण्याची नवी लाट, म्हणजे घाण्यात फिरून तीळ चिरडणारा जाड दांडा, घडवून दिली. पाडव्याच्या दिवशी कवड्या त्या तुळईखाली पहिला फेरा फिरला, आणि बाई दारात उभी राहून मनापासून हसली.

त्या दिवसापासून पेठेत घराचा भाव उघड्या हाताने सांगायचा आणि मालकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आणायचं, असं ठरलं. दलाल दलालच राहिला, पण त्याच्या उपरण्याखाली पुन्हा कुणी हात घातला नाही. गडबडीत ते पारावरच पडलं होतं. बाईने ते नेऊन द्यायला पाहिलं, तर तो म्हणाला, "ठेवा तुम्हालाच."

तिने ते धुतलं, चार घड्या घातल्या आणि कवड्याच्या डोळ्यांवर झापड म्हणून बांधलं. झापड कुणाच्या डोळ्यांवर असावी, ते एकदाचं ठरलं.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्याने आपली गरज स्वतःपाशी ठेवली आणि आपला शेवटचा शब्द चारचौघांत सांगितला, त्याला कुणी गोल फिरवू शकत नाही.