डब्याबाहेरचा पापड

फार जुनी गोष्ट, पापड भाजण्याआधीही बोलायचे तेव्हाची. इंदूवहिनींच्या अंगणात जुन्या लुगड्यावर उडदाचे पापड वाळत होते. लुगडं म्हणजे त्या सगळ्यांची आजीच. ते म्हणालं,

"अर्धे वाळलात ना? आता एकावर एक बसा. वर पाट ठेवला की सरळ राहाल."

बाकीचे गेले. एकटा हटून बसला. "मी नाही कुणाखाली दबणार. मी कडक होणार!"

"हो बाबा, हो!" भाऊ हसले.

दुपारपर्यंत तो वाळून द्रोणासारखा वळला. संध्याकाळी वहिनींनी त्याला डब्यात भावांवर ठेवला, तर झाकण बसेना. त्याला बाजूला ठेवून त्या पाटाखालचे उरलेले पापड आणायला गेल्या. डब्यात भावांची खुसखुस चालली होती. ती ऐकून त्याचा जीव तुटला.

"सरका ना रे जरा!"

"सरकलो की, दादा. पण तू वाकशील का?"

त्यानं वाकून पाहिलं. कट् आवाज झाला, काठाला चीर गेली. तो घाबरून थांबला.

शेजारी तेच आजी-लुगडं होतं, नुकतंच धुऊन पिळलेलं. ते म्हणालं, "माझ्या घडीत येतोस, बाळा? ओल लागेल हं."

सकाळ असती तर फणकारला असता. आता डब्याकडे बघत त्यानं विचारलं, "आजी, झाकण लागायच्या आत होईन ना गं मी मऊ?"