शेवाळ सरेना, गवत उगवेना

एक होता नाकतोडा. एवढासा. गव्हाच्या दाण्याएवढा.
तो राहायचा एका बागेत, जांभळाच्या झाडाखाली, हिरवळीवर. रोज सकाळी गवताचं एक पातं खायचा. कुरुम कुरुम.

एके दिवशी उठून बघतो, तर गवत नाही. सगळीकडे शेवाळ. मऊ मऊ, ओलं ओलं. येणारीजाणारी माणसं म्हणायची, काय छान हिरवळ आहे. हिरवं होतं खरं, पण शेवाळ खाता येतं का? बिचाऱ्याचं पोट रिकामं.

नाकतोडा म्हणाला,
"शेवाळा, शेवाळा, सर ना बाजूला.
गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
शेवाळ म्हणालं, "इथं गार गार ओल आहे. ओल वाळू दे, मग बघू."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाकतोडा गेला ओलीकडे.
"ओलबाई, ओलबाई, वाळ ना जराशी.
शेवाळ सरेना, गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
ओलबाई म्हणाली, "ऊन कुठाय? ऊन उतरू दे, मग बघू."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाकतोडा गेला उन्हाकडे. ऊन बसलं होतं कुंपणाच्या भिंतीवर.
"उन्हा, उन्हा, उतर ना खाली.
ओल वाळेना, शेवाळ सरेना, गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
ऊन म्हणालं, "वाटेत फांदी आहे. फांदी हटू दे, मग बघू."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाकतोडा गेला फांदीकडे. चढून चढून दमला हो.
"फांदीताई, फांदीताई, हट ना थोडी.
ऊन उतरेना, ओल वाळेना, शेवाळ सरेना, गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
फांदीताई म्हणाली, "माझी मी कशी हटू? केरबामामांना छाटू दे, मग बघू."

केरबामामा म्हणजे बागेचे माळी. ते आले दिवस मावळल्यावर. कडेवर त्यांची लेक, अबोली.
"केरबामामा, केरबामामा, छाटा ना फांदी.
फांदी हटेना, ऊन उतरेना, ओल वाळेना, शेवाळ सरेना, गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
मामा हळूच म्हणाले, "झाड निजलंय, बाळा. निजल्या झाडाला हात लावू नये. पहाटे आलो असतो, पण ही अबोली झोपूच देत नाही. मग जाग कशी येणार? अबोलीला झोपू दे, मग बघू."

अबोली म्हणजे दोन वर्षांची भिंगरी. नाव अबोली, पण तोंड मिटेल तर शपथ.
"अबोली, अबोली, झोप ना लवकर.
मामा उठेनात, फांदी हटेना, ऊन उतरेना, ओल वाळेना, शेवाळ सरेना, गवत उगवेना,
मी खाऊ काय?"
अबोली म्हणाली, "गाणं म्हण. मग झोपते."

आली का पंचाईत? पोटात काही नाही, अंगात त्राण नाही. तरी नाकतोडा मामांच्या घरी गेला, तिच्या उशाशी बसला. पाय पंखावर घासला. किर्र किर्र... किर्र किर्र...
अबोलीनं जांभई दिली. अंगठा तोंडात घातला.

आणि मग काय झालं, माहितीये?
अबोली झोपली. अबोली झोपली, मामा झोपले. मामा पहाटे उठले. झाडाला नमस्कार केला. एकच फांदी छाटली. सप् सप्.
फांदी हटली, ऊन उतरलं.
ऊन उतरलं, ओल वाळली.
ओल वाळली, शेवाळ सुटलं.
मामांनी ते दाताळ्यानं ओढलं, खर्र खर्र. नेऊन ठेवलं हौदाच्या ओल्या दगडावर. तिथं तेही खूश. मग घट्ट मातीला सळईनं भोकं पाडली, टुच टुच. वर बी भुरभुरलं.

गवत काही लगेच येत नाही. तोवर अबोलीनं नाकतोड्याला कोथिंबिरीची पानं दिली. एक त्याला, एक स्वतःला.

एका सकाळी एक कोंब आला. मग दोन. मग पुष्कळ.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाकतोडा आला. एक पातं खाल्लं, कुरुम कुरुम. दुसरं खाल्लं. पोट टम्म झालं. मग तो तिसऱ्या पात्यावर चढला. पातं हळूच वाकलं, आणि तिथंच त्याचा डोळा लागला.

गोष्ट गेली गवतात,
गवत हलतं वाऱ्यात,
आमचं बाळ कुशीत.