मठाचं विरजण

"या गोळीत काय आहे म्हणालास?"

"जिवंत जंतू, बाबा. चांगले. कोट्यवधी."

केवलबाबांनी कॅप्सूल तळहातावर घेऊन न्याहाळली. आतड्याच्या ऑपरेशनला सतरा दिवस झाले होते.

"आणि माझे कुठं गेले?"

"अँटिबायोटिकनं वाईटांबरोबर चांगलेही मेले. म्हणून डॉक्टरांनी बाहेरून द्यायला सांगितलेत."

दिगंबरनं हे अशा थाटात सांगितलं, की ऑपरेशन जणू त्यानंच केलं होतं. मठात येण्याआधी तो औषधाच्या दुकानात होता. बाबांची शुश्रूषा आपल्याशिवाय कुणाला जमायची नाही, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, गर्दी नको. दिगंबरनं दाराला कडीच लावली. फरशी दिवसातून तीनदा पुसली, मठातलं भांडं न् भांडं उकळून घेतलं.

बाबांनी कॅप्सूल गिळली. पेजेची वाटी मात्र बाजूला सारली.

"दोन घोट तरी, बाबा... परवापर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल. नळीनं भरवतील."

त्यानं वाटी पुन्हा पुढं केली. माणूस गर्विष्ठ होता खरा, पण बाबांवर त्याचा फार जीव होता.

बाबांनी वाटीवर हात ठेवला.

"दहीभात खाईन. मठातलं दही घालून."

दिगंबर उठता उठता थांबला.

"काय झालं?"

"ते... टाकून दिलं. मडक्याला आंबट वास यायचा. मडकं उकळून ठेवलंय."

चाळीस वर्षं त्या विरजणात खंड पडला नव्हता. रोज संध्याकाळी बाबा स्वतः दुधात बोट बुडवून बघत आणि कोमट झालं की आदल्या दिवसाचं चमचाभर दही त्यात घालत.

बाबांना हसू आलं. टाके ओढले गेले, तसा त्यांनी पोटावर हात धरला.

"मग जा, गावातून मागून आण."

"कुणाकडून?"

"काल दारात कोण आलं होतं?"

गावातली गोजराबाई आली होती, धार काढून तशीच. बाबांना नुसतं बघून जाते म्हणाली. "हात बघा आधी तुमचे," असं म्हणून दिगंबरनं तिला पायरीवरूनच परत लावलं होतं.

आता रिकामी वाटी घेऊन तोच तिच्या दारात उभा राहिला. मान वर करवेना.

"थोडं दही..."

गोजराबाईनं काही विचारलं नाही. गाडग्यातलं दही काढून वाटी भरली.

"मठातलंच हाय, म्हाराज. आमचं नासलं तवा बाबांनी चमचाभर दिल्यालं. तीन वरसं झाली."

मग पदरानं डोळे टिपले.

"जेवत्यात का वं बाबा?"



"तुम्हीच चला," दिगंबर कसंबसं म्हणाला. "तुम्हीच विचारा त्यांना."

"हात धुऊन येते," ती म्हणाली.

मठात येऊन गोजराबाईनं मऊ दहीभात कालवला. एक म्हैस आटली, जावयाला नोकरी लागली, देवळाचा कळस बसला, असं काहीबाही सांगत राहिली. बाबांनी एक घास घेतला. मग दुसरा. पाचव्या घासाला दिगंबरला रडू फुटलं.

"मी एवढं जपत होतो, बाबा. उकळलं, झाकलं, कुणाला शिवू दिलं नाही... आणि विरजण माझ्याच हातून गेलं. यांच्याकडं गोठ्याशेजारच्या गाडग्यात ते जिवंत राहिलं. कसं?"

कालवण्याआधी चमचाभर दही बाबांनी वेगळं काढायला लावलं होतं. ती वाटी त्यांनी हळूच दिगंबरपुढं सरकवली.

"तिच्याकडं रोज कुणी ना कुणी विरजण मागायला येतं, बाळा."