कुहकनाथाचे सात रांजण

एका राज्यात, ज्याच्या वेशीवर पाषाणाचे दोन नंदी पहारा करीत, एके सकाळी राजाला आपण कोण हेच आठवेना.

राजकन्या शशिप्रभा त्याच सकाळी आजोळाहून परतली. दरबारात पाऊल टाकले मात्र, तिचे पाय जागीच खिळले. राजा वीरकेतू सिंहासनाच्या पायरीवर बसून स्वतःच्याच बोटांकडे पाहत होता.

"हे हात कोणाचे?" त्याने लेकीला विचारले.

प्रधान, सेनापती, दासी, साऱ्यांची तीच गत. 'मी' हा शब्द कोणाच्याच तोंडून उमटेना.

गवाक्षातला भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, मांत्रिक कुहकनाथाने अवघ्या नगराचे 'मी' चोरले. पाखरे 'मी' म्हणत नाहीत, म्हणून आम्ही वाचलो. भैरवगुंफेतल्या योगिनीकडे चल. तो तिचाच शिष्य. तिसरा सूर्य मावळला की चोरलेले परत फिरत नाही."

योगिनी जटामालिनीने तिच्या कानात मंत्र सांगितला: अहम्.

शशिप्रभा थक्क झाली. "एवढाच? हे तर रोजचे 'मी'!"

"अ पासून ह पर्यंतची सारी अक्षरे त्यात आहेत, आणि अक्षरांत सारे जग. तीन कामे कर."

पहिल्या दिवशी ती धबधब्याखाली बसली, आणि मंत्राचा नाद पाण्याच्या गर्जनेवर चढला. दुसऱ्या दिवशी नागराज तिच्या मांडीवर वेटोळे घालून बसला. मंत्र चुकला नाही. तिसऱ्या दिवशी योगिनी म्हणाली, "आता थांब. मंत्र म्हणणारी कोण?"

"वीरकेतूची कन्या शशिप्रभा."

"ते नाव झाले." योगिनीने सुस्कारा सोडला. "जा. दिवस कलला."

पक्ष्यामागून ती काळ्या डोंगरावर पोहोचली. तिथे मातीचे सात रांजण मोहोळासारखे गुणगुणत होते. मध्ये कुहकनाथ जप करीत होता. शब्द ऐकून तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच मंत्र, एका मात्रेचीही चूक नाही!

"दचकलीस?" तो हसला. "लक्ष लक्ष वेळा म्हटला आहे मी."

त्याने एका रांजणाचे झाकण उचलले. शशिप्रभाचे नाव उडून गेले. मग पित्याचा चेहरा, मग आईचा आवाज, मग मंत्रही. खाली दोन पावले दिसत होती. कोणाची, ते कळेना. भीती दाटून आली. कोण भ्याले, तेही उमगेना.

आणि तिथेच तिला विजेसारखा धक्का बसला. सारे गेले, पण गेल्याचे कळत होते! कळणारे जागचे हलले नव्हते. रांजणात गेले ते तिचे होते, ती नव्हती.

अहम्. ओठ हलले नाहीत. ते आतून आपसूक उमटले.

सातही रांजण तडतड फुटले. चोरलेल्या 'मी'चा सोनेरी थवा नगराकडे झेपावला, आणि शशिप्रभाचे नाव तिच्याकडे परतले. कुहकनाथ खापऱ्या उपसू लागला. "माझे कुठे आहे? माझे?" दुसऱ्यांचे साठवता साठवता त्याने स्वतःकडे कधी पाहिलेच नव्हते. तो लहान मुलासारखा रडू लागला. शशिप्रभाने त्याला हात धरून गुंफेत नेले.

योगिनी रागावली नाही. "बस," ती म्हणाली, "अ पासून पुन्हा सुरू कर."

नगरात नगारे वाजत होते. प्रधान प्रधानाच्या जागी, सेनापती सेनापतीच्या. राजा सिंहासनावरून धावत खाली आला.

"कन्ये, मला कोठून शोधून आणलेस?"

"तात," शशिप्रभा म्हणाली, "तुम्ही कुठे गेलाच नव्हता."